दोन बोटांची टिचकी

बाबांना झटका येईपर्यंत त्यांचा उजवा हात हा आमच्या घरातला सगळ्यात मानाचा माणूस होता. बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसात ते ड्राफ्ट्समन होते. नव्या मुंबईत जिथे आज टॉवर आहेत तिथे गुडघाभर चिखल होता, तेव्हापासून ते ट्रेसिंग पेपरवर रस्ते आखत आले. पाहुणे आले की हात पुढे करून म्हणायचे, "अर्धं नेरूळ यातून गेलंय." आई त्यांचा चहाचा कपसुद्धा डाव्या बाजूला ठेवायची. उजव्या हाताला चटका बसायला नको.

मग तो हात गेला. पाय थोडाफार सुधारला, जड झालेली जीभ सुटली, पण हात उशीवर ठेवला तर उशीवर आणि मांडीवर ठेवला तर मांडीवर. आई त्याआधीच गेली होती. माझं लग्न मोडलं होतं आणि मी नेरूळच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होते. म्हणून बाबा माझ्याकडे आले. आले म्हणजे हॉस्पिटलमधून दादाने आणून सोडले. दादा माझा मोठा भाऊ, बेंगळुरूला एका कंपनीत वरच्या जागेवर.

"सध्या तुझ्याकडे राहू दे," तो म्हणाला. "इथलं हवामान त्यांच्या सवयीचं आहे."

हवामान. मला बाबा हवे होते, हेही खरंच होतं.

मी बेलापूरला एका वकिलांकडे काम करते. त्यांचे मसुदे टाइप करायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा टाइप करायचे. दिवसा बाबांजवळ बसायला एक मावशी यायच्या. त्या टीव्हीवर मालिका लावायच्या आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. ते बघून मीच दादाला फोनवर म्हटलं की यांना काहीतरी उद्योग हवा. आठवड्याभरात कुरिअरने लॅपटॉप आला, सोबत माउस. बाबांनी खोकं मांडीवर घेतलं आणि डाव्या हाताने कुरवाळलं. मावशींना म्हणाले, "मुलाने पाठवलाय."

तो माउस आमच्या घरातल्या भांडणांचं मूळ झाला. बाबांचा डावा हात आयुष्यभर फक्त पट्टी धरून बसला होता. त्याला बोटं सुटी हलवायची सवयच नव्हती. एक बटण दाबायला गेले की दुसरं दाबलं जायचं. फाइल उघडायच्या ऐवजी भलतीच यादी समोर यायची. ती घालवायला गेले की माउस टेबलाच्या कडेवरून खाली. दादाला फोन केला तर म्हणाला, "सेटिंगमध्ये जाऊन बटणं उलटी कर. लेफ्टी लोकांसाठी असतं ते." बटणं उलटी केली. आता काय दाबलं की काय होईल हे मलाही कळेना.

"बाबा, प्रॅक्टिस करा," दादा स्पीकरवरून म्हणाला. "इट टेक्स टाइम."

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर माउस हॉलच्या भिंतीपाशी फुटून पडला होता आणि मावशी घाबरून स्वयंपाकघरात उभ्या होत्या. बाबा म्हणाले, "लॅपटॉप परत पाठव त्याला. सांग, बाप कामातून गेला."

मी परत पाठवला नाही. रविवारी दुपारी बाबा झोपले असताना तो लॅपटॉप घेऊन बसले आणि चक्क माझ्या उजव्या हातावर बसले. हात मांडीखाली दाबून ठेवला आणि म्हटलं, आता फक्त डाव्या हाताने बघू काय काय जमतं. ऑफिसात मी स्वतः माउसच वापरायचे. खालच्या त्या चौकोनाकडे, टचपॅडकडे, कधी नीट बघितलं नव्हतं. सेटिंग शोधत गेले. नुसती बोटाची टिचकी मारली तरी क्लिक होतं, बटण दाबावंच लागत नाही. दोन बोटांची टिचकी म्हणजे माउसचं उजवं बटण. दोन बोटं वर-खाली सरकवली की पान सरकतं, फाकवली की मोठं होतं. तीन बोटं वर नेली की उघडलेलं सगळं एकदम समोर दिसतं. कंट्रोलचं बटण धरून दुसरं बटण दाबायचं असतं, ते एका हाताला अवघड. त्यावरही तोड निघाली. एक सेटिंग असं आहे की कंट्रोल दाबून सोडून द्यायचं, मग सावकाश दुसरं बटण दाबायचं. मशीन तेवढा वेळ थांबतं. कॉपीचं, पेस्टचं, चूक मागे घेण्याचं, सगळी बटणं डाव्या हाताखालीच आहेत हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. संध्याकाळपर्यंत माझ्या मांडीखालच्या हाताला मुंग्या आल्या होत्या आणि मला फार आनंद झाला होता. तो आनंद मला अजून आठवतो, म्हणूनच पुढचं मनाला लागलं.

शिकवणं सोपं गेलं नाही. बाबांचं एक बोट पॅडवर टेकायच्या आधी शेजारचं टेकायचं. एकाच्या जागी दोन बोटांची टिचकी लागायची आणि ते चिडायचे. शेवटी मी त्यांची बाकीची बोटं रुमालाने तळव्याशी बांधली, फक्त तर्जनी मोकळी.

"मी काय बालवाडीत आहे का?"

"हो. आणि मी बाई आहे. टिचकी मारा."

"जोरात मारली."

"जोरात नको. झोपलेल्या बाळाला हात लावतो तशी."

"मला बाळांचं सांगतेस? दोन पोरं वाढवलीत मी."

वाढवली आईने होती, पण तो मुद्दा मी काढला नाही. रोज ऑफिसातून आले की कुकर लावायचा, तो होईपर्यंत बाबांची शिकवणी. एका बोटावरून दोनवर आलो, तेव्हा रुमाल वेगळा बांधला. तीन बोटांना फार वेळ लागला. मधलं बोट नेहमी मागे राहायचं. मी त्यांच्या बोटांवर माझी बोटं ठेवून वर सरकवायचे. ते कधी कधी माझा हात झटकायचे, शिव्या द्यायचे. एकदा म्हणाले, "नवऱ्यालाही असंच शिकवायला गेलीस वाटतं." मी उठून कुकर बंद केला, त्यांना भात कालवून दिला आणि त्या दिवशी शिकवणी झाली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले.

आणि मग ते जमलं. हळूहळू नाही, तर दार ढकलत राहावं आणि अचानक उघडावं तसं. मी एका संध्याकाळी आले तर बाबा डायनिंग टेबलाशी बसलेले आणि समोर स्क्रीनवर उपग्रहाने वरून टिपलेला नकाशा. त्यांनी दोन बोटं फाकवली, आमची सोसायटी मोठी झाली. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसायला लागल्या.

"हा नाला बघ," ते मला म्हणाले. "मी याला वळण दिलं होतं. यांनी सरळ केला. म्हणून पाणी तुंबतं." मग बोटं सरकवत उत्तरेला गेले, घणसोलीच्या पुढे तळवलीपर्यंत. नोकरीच्या सुरुवातीला तिथे मोजणीला गेले होते. "गावाची हद्द इथून होती. एक म्हातारी आम्हाला म्हणाली होती, साहेब, रस्ता काढा पन माजं आंगन सोडा." ते अंगण त्यांनी बराच वेळ शोधलं. तिथे आता गोडाऊन होतं. तरी ते खूश होते. कुणाला न विचारता, कुणी न हलवता ते तिथपर्यंत गेले होते. मी मागे पर्स खांद्याला तशीच ठेवून उभी राहिले. त्यांना झटका आल्यापासून त्या घरातला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

आमच्या सेक्टरमधल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात ही बातमी पोचली. तिथल्या बऱ्याच लोकांचे हात थरथरतात, कुणाची बोटं आखडलेली. माउस कुणालाच धड जमत नाही. अध्यक्षांनी बाबांना बोलावलं, म्हणाले, सगळ्यांना दाखवा. बाबांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढायला लावला. मी हाफ डे घेतला, त्यांना रिक्षातून नेलं, लॅपटॉप लावला, वायर जोडली, आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

बाबांनी छान दाखवलं. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. मोठ्या पडद्यावर नकाशा हलताना बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, "पण हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"माझा मुलगा," बाबा म्हणाले. "बेंगळुरूला असतो. रोज फोनवरून शिकवायचा. कितीही काम असो, वेळ काढायचा."

"भाग्यवान आहात," काकू म्हणाल्या.

अध्यक्षांनी माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे, भाऊ बघा कसा आहे. मी पण मान हलवली. दुसरं काय करणार होते? चहा आला, बाबांचा कप मीच धरला.

घरी आल्यावर त्यांचे बूट काढताना विचारलं, "बाबा, दादाने कधी शिकवलं तुम्हाला?"

"लॅपटॉप कुणी पाठवला?"

"पाठवला त्याने. शिकवलं कुणी?"

त्यांनी दुसरा पाय पुढे केला. मग म्हणाले, "तू घरातलीच आहेस. तुझं नाव घेतलं काय, न घेतलं काय. मुलीकडे राहतो हे सगळ्या जगाला दिसतंय. मुलगाही बघतो, एवढं तरी लोकांना कळू दे की."

"मग मी काय करते हे कुणाला कळायला नको?"

"तुला टाळ्या हव्यात का?"

हव्या होत्या. तेव्हा "नाही" म्हटलं. त्यांचा दुसरा बूट काढला आणि रॅकवर ठेवला.

त्यानंतर बाबा स्वतःचे स्वतः दादाला व्हिडिओ कॉल करायला लागले. तेही मीच शिकवलं होतं. खोलीचं दार लोटून घ्यायचे, पण आवाज मोठा असायचा. कपडे वाळत घालताना मला सगळं ऐकू यायचं.

"इथे फार शिस्त आहे रे," ते सांगत होते. "हात बांधून बसवायची मला. बोटं धरून ओढायची. हिचा स्वभाव तुला माहीत आहे. कडक. म्हणून तर तिकडेही निभावलं नाही."

दादा म्हणाला, "बाबा, तुम्ही इकडे येता का?"

मी हातातला टॉवेल दोनदा झटकला. वाटलं, आत जावं आणि विचारावं, रुमालाने हात का बांधला होता ते त्याला सांगा ना. गेले नाही. त्यांना खरंच तसं वाटत असेल तर बोलून काय फायदा, आणि वाटत नसताना बोलत असतील तर मग त्याहून वाईट.

दादा स्वतः न्यायला आला. मला म्हणाला, "तू पण थकली असशील. जरा ब्रेक घे." वहिनीने बाबांसाठी वेगळी खोली केली होती, अटेंडंट ठेवला होता. बाबांनी जाताना घर नीट बघितलं, बाल्कनीत उभे राहिले. मला म्हणाले, "सांभाळून राहा." मी पाया पडले. लॅपटॉपची बॅग दादाने खांद्याला लावली.

त्यानंतरच्या दिवसांत घरी लवकर यायचं काही कारण नव्हतं. तरी मी त्याच वेळेला यायचे.

एका दुपारी ऑफिसात असताना फोन वाजला. अटेंडंटच्या नंबरवरून बाबा बोलत होते. इकडचं तिकडचं झालं, जेवण, झोप, तिथली थंडी. मग म्हणाले, "टिचकी लागत नाहीये."

"म्हणजे?"

"लॅपटॉप हळू चालतो म्हणून त्याने पुसून नवा केला. आता टिचकी लागत नाही. कंट्रोलही थांबत नाही. एक माउस आणून ठेवलाय त्याने."

मला लगेच कळलं. मी केलेली सगळी सेटिंग उडाली होती. सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम. समोर वकीलसाहेबांचा मसुदा उघडा होता.

"दादाला सांगा," मी म्हटलं. "शिकवेल तो. रोज शिकवायचाच ना."

मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मला आजही त्या वाक्याचं वाईट वाटत नाही. वाटायला हवं, असं अधूनमधून वाटतं.

ते दादाला म्हणाले नसणारच. कसे म्हणतील? त्याने शिकवलं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं, आणि ते आपसात बोलायचं नाही हेही ठरलेलं असावं. शेवटी दादाचाच फोन आला. आवाजात कंटाळा.

"अगं, बाबा फार चिडचिड करतात. लॅपटॉप उघडतच नाहीत. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतात. तू त्यात काय काय करून ठेवलं होतंस?"

काय काय करून ठेवलं होतंस. एवढ्या सगळ्यात कुणी मला पहिल्यांदाच हे विचारत होतं आणि तेही मी काहीतरी बिघडवल्यासारखं. मी एकेक सांगत गेले. टचपॅडमध्ये जा. टिचकी चालू कर. वेग कमी कर. दोन बोटांचं चालू कर, तीन बोटांचं चालू कर. मग बटणांचं सेटिंग. तो हं, हं करत होता.

"एवढंच होतं?" तो म्हणाला.

"एवढंच."

"मग आधीच लिहून द्यायचं ना."

पुढच्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाने व्हिडिओ टाकला. बाबा टेबलाशी बसलेले, अंगात नवा स्वेटर, डाव्या हाताची तीन बोटं एकदम वर सरकतात, मधलं बोट जराही मागे राहत नाही. खाली लिहिलं होतं, "बाबांची जिद्द आणि आमची थोडी मेहनत." अंगठ्यांची, हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. चुलतभावांनी लिहिलं, मुलगा असावा तर असा. आत्याने मला मुद्दाम फोन केला. बाबांची धाकटी बहीण, बोलायला सरळ.

"बघितलास ना व्हिडिओ? मुलाकडे गेल्यावर माणूस कसा सुधारतो बघ. तू केलंस गं तुझ्या परीने, पण शेवटी मुलगा तो मुलगा."

"आत्या, त्यांना ते इथेच यायला लागलं होतं."

"असेल, असेल," ती म्हणाली. लहान मूल काही सांगतं तेव्हा म्हणतात तसं.

दिवाळीत मी बेंगळुरूला गेले. न जाण्याइतकं भांडण झालंच नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. वहिनीने नीट केलं सगळं, मला साडी घेतली. पाडव्याच्या संध्याकाळी दादाच्या ऑफिसातली दोन कुटुंबं फराळाला आली होती. बाबा सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. मी चकल्यांची ताटली ठेवायला गेले तर म्हणाले, "ये, बस इकडे. तुला दाखवतो."

मी बसले. त्यांनी डाव्या हाताने माझी दोन बोटं धरली आणि पॅडवर टेकवली.

"दाबायचं नाही. पेन्सिलचं टोक कागदावर ठेवतो ना, तेवढंच. आता वर सरकव. बघ, पान सरकलं की नाही? आता दोन्ही बोटांची टिचकी मार. माउस लागतच नाही."

पाहुणे कौतुकाने बघत होते. दादा मात्र पाहुण्यांना सरबत देण्यात गुंतला होता. मी बाबांच्या तोंडाकडे बघितलं. चेष्टा असती तर डोळ्यांत दिसली असती. माफी असती तरी दिसली असती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की झटक्यानंतर काही गोष्टी पुसल्या जातात, काही उलटसुलट होतात. तसं असेल. किंवा इतक्या वेळा इतक्या लोकांना सांगून त्यांना आता तेच खरं वाटत असेल. मला ठरवता आलं नाही.

"तुमच्या ऑफिसात येतं का हे कुणाला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग शिकव त्यांना. अवघड नाही काही."

"शिकवते," मी म्हटलं, आणि माझी बोटं सोडवून घेतली, कारण चकल्या सादळत होत्या.

नेरूळला परत आल्यावर मी त्यांची खोली आवरली. वर-खाली होणारी कॉट आमच्याच सोसायटीतल्या एका आजींना देऊन टाकली, त्या माकडहाड मोडून पडल्या होत्या. त्यांची सून आणि मुलगा येऊन घेऊन गेले. मी माझं टेबल त्या खोलीत हलवलं, खिडकीपाशी, तिथे उजेड चांगला येतो. आत्याला कुणाकडून तरी कळलं. फोन करून म्हणाली, "खोली मोडलीस? अगं, तो परत आला तर कुठे झोपेल?"

"येणार नाहीत," मी म्हटलं.

ते आले नाहीत.